शेवटपर्यंत नव्व्याण्णव

सोनागिरी, भोपाळ
१० सप्टेंबर २०२५

उदय,

आधी वर 'चि.' लिहिलं होतं, मग खोडलं. चोपन्न वर्षांच्या धाकट्या भावाला चिरंजीव म्हणायला हरकत नाही म्हणा, पण नऊ वर्षं ज्याने आपलं तोंड पाहिलं नाही त्याला ते लिहवत नाही. तू माझा फोन बंद करून ठेवलायस. पत्र कसं बंद करशील? अमरावतीचा पोस्टमन ते दारात टाकणारच. फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड बाबा. मोठ्या भावाचं एवढं तरी ऐक.

विशेष काही नाही, सहज लिहितोय. मी अजून त्याच कॅन्सर हॉस्पिटलात, त्याच ऑपरेशन थिएटरात. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखालचा टेक्निशियन. नळ्या जोडायच्या, मशीन तपासायचं, मॉनिटर लावायचे आणि पेशंट टेबलावर आहे तोवर त्याच्या उशाशी बसायचं. एकतीस वर्षं झाली. मार्चमध्ये सुटेन. बाबांनी कारखान्यातून रिटायर होताना घेतलेलं हे घर आता मला एकट्याला फार होतं. मागची खोली मी उघडतही नाही. संध्याकाळी आलो की कुकर लावतो, टीव्हीवरच्या माणसांशी भांडतो, जेवतो. भांडायला घरातलं कुणी नसलं की टीव्हीवर भागवावं लागतं. बरं चाललंय.

आमच्याकडे एक नवीन मशीन आलंय, ते तुला सांगावंसं वाटलं. डॉ. अबोली म्हणून भूलतज्ज्ञ आल्यात. तुलसी नगरच्या, वडील सरकारी नोकरीत नागपूरहून इकडे आलेले. वयाने मला मुलीसारखी, म्हणजे मुलगी असती तर. मराठी बोलते, पण कशी? "काका, ती वायर जरा खिसकवा ना." मी म्हटलं, "खिसकवा काय, सरकवा म्हण." तर म्हणते, "हाँ हाँ, तेच!" हात टेकले मी.

तिचा अभ्यास चाललाय. कॅन्सरची मोठी ऑपरेशनं पाच-सात तास चालतात आणि नंतर काहींच्या किडन्या बिघडतात. ते दोन दिवसांनी रक्ताच्या रिपोर्टमध्ये कळतं, तोवर उशीर झालेला असतो. ऑपरेशन चालू असतानाच त्याची चाहूल लागेल का, हे तिला बघायचंय. म्हणून पेशंटच्या हातावर, कोपराच्या खाली, एक पट्टी चिकटवायची. पट्टीतून उजेड आत जातो आणि तिथल्या मांसात प्राणवायू किती उरलाय त्याचा आकडा पडद्यावर येतो. तू म्हणशील, बोटाला चिमटा लावता तो काय करतो मग? अरे, चिमटा फक्त टाकी भरलेली आहे की नाही ते सांगतो. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी चढतंय का, ते ही पट्टी सांगते. आडात आहे, पण पोहऱ्यात येतंय का, असा सगळा मामला.

दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचं काम माझ्याकडे. गंमत म्हणजे तो पडदा डॉक्टरांच्या बाजूने कापडाने झाकलेला असतो. आकडा फक्त लिहिणाऱ्याने बघायचा, बोलायचं नाही. डॉक्टरांना कळला तर ते काहीतरी करणार, आणि मग अभ्यास बिघडणार. "काका, तुम्हीच लिहा," अबोली म्हणाली, "बाकी सगळे मोबाइलमध्ये घुसतात. आणि तुम्ही गप्प राहू शकता."

तब्येत उत्तम. वजन थोडं उतरलंय, ते उतरायलाच हवं होतं. तुझी शुगर कशी आहे? दीप्तीला नमस्कार सांग. सायलीला आशीर्वाद, ती घेत असेल तर.

भालचंद्र


सोनागिरी
६ ऑक्टोबर २०२५

उदय,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तराची वाट पाहिली नाही असं लिहिणार होतो, पण पाहिली. टपाल पेटीला कुलूप लावायचं मी सोडून दिलंय.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. वजन थोडं उतरलेलं नाही, अकरा किलो उतरलंय. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ आहे आणि ती वाईटच आहे. आमच्याच हॉस्पिटलात तपासलं. रिपोर्ट घ्यायला गेलो तर खिडकीवरच्या बाईने सवयीने विचारलं, "साथ में कौन है?" तीस वर्षं मी हा प्रश्न कानावरून जाऊ दिला. त्या दिवशी मी खरंच मागे वळून बघितलं, रे. कुणी असल्यासारखं.

अठरा नोव्हेंबरला, मंगळवारी, ऑपरेशन आहे. सतराला भरती व्हायचं. कीव करू नकोस, मला ती सोसत नाही. माझ्या जोडीचा जितेंद्र म्हणतो, "दादा, इस बार आप लेटोगे, हम बैठेंगे. आराम से सोना." त्याला काय जातंय म्हणायला! गाठ मात्र वेळेत सापडली आहे, सर्जन म्हणाले. ऑपरेशन निभावलं तर दहा वर्षं कुठे गेली नाहीत. अबोलीने मलाही अभ्यासात घेतलंय. म्हणजे माझ्या हातावर पट्टी आणि जितेंद्रच्या हातात वही.

आता कामाचं. संमतीपत्रावर रक्ताच्या नात्यातल्या माणसाची सही लागते. नियमच आहे. स्टाफला एकमेकांची सही करता येत नाही. आई गेली, लग्न मी केलं नाही, तुझ्याशिवाय मला आहे कोण? दोन दिवस ये. सही कर आणि जा. बोलायची सक्ती नाही. घरी उतरायचं नसेल तर हॉस्पिटलशेजारी धर्मशाळा आहे, स्वच्छ असते. इटारसीला गाडी बदलताना सामान सांभाळ.

भालचंद्र


सोनागिरी
२५ ऑक्टोबर २०२५

उदय,

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं. 'तारीख कळली. येतो. उदय.' बस्स. नऊ वर्षांनी चार शब्द, त्यातलं एक तुझं नाव. पण काय सांगू तुला! मी ते कार्ड खिशात घालून ड्यूटीवर गेलो. जितेंद्रला दाखवलं. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी त्याने दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "चलो, अच्छा हुआ." मागची खोली उघडली, गादी उन्हात टाकली. तुला आवडते ती जाड शेव आणून ठेवली. म्हातारा पोरासारखा वागत होता, हसशील तू.

आणि त्याच रात्री घास उतरेनासा झाला. गाठीमुळे नव्हे.

पहिल्या पत्रात 'सहज लिहितोय' म्हणालो होतो. सहज वगैरे काही नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी करोंदच्या मंडईतला एक आडत्या ऑपरेशनला आला होता. धान्याचा व्यापारी, आडवा-तिडवा माणूस, भूल घ्यायच्या आधीही मला गव्हाचा भाव सांगत होता. पोटातली मोठी गाठ. पहिला दीड तास सगळं झकास. रक्तदाब एकशे दहा, बोटाचा आकडा नव्व्याण्णव. हातावरच्या पट्टीचा आकडा सत्तर. मग तो उतरायला लागला. चौसष्ट, अठ्ठावन्न, बावन्न. आणि बावन्नवर तासभर बसून राहिला. मॉनिटरवर बाकी सगळं छान. अबोली निवांत, सर्जन निवांत. तो आकडा त्या खोलीत एकट्या मला दिसत होता. मी दर पाच मिनिटांनी लिहीत होतो. बोललो नाही. नियम होता.

तिसऱ्या दिवशी आडत्याच्या किडन्या बसल्या. दोनदा डायलिसिस लागलं. नशिबाने सावरला, चालत घरी गेला. अबोली वही बघून म्हणाली, "काका, आपला आकडा बरोबर बोलत होता!" तिला आनंद झाला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, पोरगी तोंड फिरवून उभी राहिली. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. मला आई दिसत होती.

इथे थांबतो.


२८ ऑक्टोबर

तीन दिवस हे पत्र टेबलावर पडून आहे. ताटाशेजारीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. माझी नऊ वर्षं झाकलेली आहे. तू सही करायला येतोस, तर काय माहीत असताना येतोस ते तुला कळायला हवं. नाहीतर मी तुला फसवून बोलावल्यासारखं होईल. म्हणून लिहितो. मध्येच फाडू नकोस.

तू आईला ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं म्हणत होतास. हट्ट मी धरला. इथेच करू, माझ्या डोळ्यांसमोर होईल, मी उशाशी असेन. ड्यूटी बदलून घेतली मी. तुला बाहेर बसवून आत गेलो तेव्हा आई मला म्हणाली, "उद्या चहा प्यायला मिळेल ना रे?" साडेनऊला तिला भूल दिली. अकरा वाजून गेले आणि बोटाच्या चिमट्याने कुरकुर सुरू केली. आकडा येईना, अलार्म वाजायला लागला. भूल देणारे मोठे डॉक्टर सर्जनशी बोलत होते. मान न वळवता म्हणाले, "भालू, देखो ज़रा."

मी बघितलं. आईचा हात हातात घेतला. गारठलेला होता. नुसता थंड नव्हे, उदय, आतून रक्त निघून गेल्यावर असतो तसा.

आम्हा लोकांची एक युक्ती आहे. बोटाला आकडा येत नसला की चिमटा काढून कानाच्या पाळीला लावायचा. शरीर रक्त आवरायला लागलं की आधी हातापायांचं आवरतं, डोक्याकडे जाऊ देतं. म्हणून कानाला आकडा पटकन येतो. दिवसातून दहादा करतो आम्ही हे. नवीन आलेल्यांना मी स्वतः शिकवलंय आणि वर शाबासकी घेतलीय. तर मी चिमटा आईच्या कानाला लावला. नव्व्याण्णव. अलार्म बंद झाला. मी म्हणालो, "हो गया, सर." आणि तिचा हात चादरीखाली सारला.

चिमटा बिघडला नव्हता. तो मला सांगत होता की बोटांपर्यंत रक्त पोचत नाहीये. बोटांना नाही तर किडनीला तरी पोचतंय का, हे तेव्हा कुणीतरी विचारायला हवं होतं. 'सर, हात फार गार आहे,' एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी वळून बघितलं असतं. वाईट डॉक्टर नव्हते ते. हात माझ्या हातात होता. मुलाच्या हाताला कळलं होतं की काहीतरी चुकतंय, पण तिथे टेक्निशियन बसला होता आणि टेक्निशियनला अलार्म बंद करायचा होता. पुढे चार तास ती तशीच होती. लघवीच्या पिशवीत तळाला थोडंसं, तेही गडद. पिशवीही मीच रिकामी करत होतो.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. अकराव्या दिवशी ती गेली.

तू मला विचारलंस, "दादा, तू आत होतास. आत काही झालं होतं का?" मी म्हणालो, "काही नाही. शेवटपर्यंत नव्व्याण्णव होतं." ते वाक्य खरं होतं, म्हणून तर ते इतकं सहज निघालं तोंडातून. मग तू कागद मागितलेस. मी सांगितलं, रेकॉर्ड रूममधून मिळत नाहीत. तू म्हणालास, तुला आईपेक्षा नोकरी प्यारी, हॉस्पिटलला पाठीशी घालतोस, आणि त्या दिवसानंतर तू आला नाहीस. उदय, मी हॉस्पिटलला पाठीशी घातलं नाही. मी मला घातलं.

कागद माझ्याकडेच होता. आई डायलिसिसवर असताना चौथ्या दिवशी मी भुलीच्या तक्त्याची झेरॉक्स काढली होती. कशाला? कुणी विचारलंच तर हाताशी असावा म्हणून. आई आत पडलेली आणि तिचा मोठा मुलगा झेरॉक्सच्या रांगेत. तो कागद सोबत पाठवतोय. अकरा चाळीसच्या रेघेवर बघ, डॉक्टरांनी बारीक अक्षरात लिहिलंय, चिमटा कानाला लावला. ते मी.

आणि दुसरं. रक्ताच्या नात्याची सही लागते, हा नियम खोटा आहे. कुणीही ओळखीचा चालतो. जितेंद्र कधीपासून म्हणतोय मी करतो. मला तू यायला हवा होतास, म्हणून मी नियम केला.

वरातीमागून घोडं आहे हे, मला कळतं. तक्रार करायची तर कर, विचारलं तर मी हो म्हणेन. आणि आता यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. ते कार्ड मी परत पाठवत नाही. ते राहू दे माझ्याकडे.

भालचंद्र


सोनागिरी
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

उदय,

एकोणीस दिवस झाले. पत्र परत आलं नाही. उत्तरही नाही. मी पेटी बघायचं सोडलंय असं सांगितलं तर तुला पटणार नाही, तेव्हा सांगत नाही.

उद्या भरती. पिशवी भरली. दोन लुंग्या, चष्मा, टॉवेल, रिपोर्ट. किती थोडं लागतं माणसाला! तुझं कार्ड घेतलं होतं, मग काढून ठेवलं. सही जितेंद्र करणार आहे. मला वाटलं होतं तुला सगळं लिहून मन हलकं होईल. लोक म्हणतात ना तसं. काही हलकं-बिलकं होत नाही. आधी मी एकटा होतो, पण तुला खरं कळलं तर तू काय म्हणशील हे माहीत नव्हतं. आता तू गप्प आहेस आणि मी एकटा आहे, एवढाच फरक.

अबोलीला आडून विचारलं. म्हटलं, समजा, एका पेशंटच्या वेळी बोटाला आकडा येत नव्हता, टेक्निशियनने चिमटा कानाला लावला आणि बोलला नाही. बोलला असता तर पेशंट वाचला असता का? पोरगी हुशार आहे, चोराच्या मनातलं चांदणं तिला दिसलं असणार. मग म्हणाली, "काका, नाही सांगता येत. कदाचित हो. कदाचित काही फरक पडला नसता. पण सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, हो, सांगायला पाहिजे होतं.

भीती वाटतेय, उदय. मरणाची तितकी नाही. भूल उतरताना माणसं नावं घेतात. तीस वर्षं ऐकलीत मी. कुणी बायकोचं, कुणी देवाचं, एका पोलिसाने आपल्या म्हशीचं घेतलं होतं. मी तुझं घेईन आणि बाहेर कुणी नसेल, आणि जितेंद्र सगळ्यांना सांगेल, याची लाज वाटतेय.

घराची चावी शेजारच्या कुसुमताईंकडे ठेवली आहे. काही झालंच तर.

तुझा
भालू


सोनागिरी
७ डिसेंबर २०२५

उदय,

बारा दिवसांनी घरी सोडलं. अजून वाकता येत नाही. जेवणाचा डबा कुसुमताई देतात. त्या मीठ कमी घालतात, पण बोलायची सोय नाही. आज पहिल्यांदा टेबलाशी बसतोय.

तुला माहीत असलेल्याच गोष्टी लिहितोय. पण मला त्या सगळ्या दुसऱ्यांकडून कळल्या, माझ्या बाजूने त्या कशा दिसल्या ते तुला कोण सांगणार?

सतराच्या संध्याकाळी तू आला नाहीस. जितेंद्रने सही केली. अठराला सकाळी मला आत नेलं, टेबलावर घेतलं. माझ्याच थिएटरातलं छत मी पहिल्यांदा बघितलं. दिव्याशेजारी ओल आलीय तिथे. जितेंद्रने हातावर पट्टी लावली, बोटाला चिमटा लावला, पडद्यावर कापड टाकलं, वही उघडली. सगळे तयार, आणि अबोलीचा पत्ता नाही. दहा मिनिटांनी आली. तोंड उतरलेलं. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ जाऊन पडद्यावरचं कापड ओढून काढलं आणि घडी करून जितेंद्रच्या हातात दिलं. तो म्हणाला, "मॅडम, स्टडी?" ती म्हणाली, "इनका नाम काट दो." मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही काका, श्वास घ्या." पुढचं मला आठवत नाही.

वॉर्डात आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. तू पहाटेच्या गाडीने उतरलास आणि थेट थिएटरच्या दारात येऊन उभा राहिलास. आईचा कागद तिच्यासमोर धरलास. तू काय म्हणालास ते तिने तुझ्याच शब्दांत सांगितलं, मी तिला दोनदा म्हणायला लावलं: "डॉक्टर, ही अकरा चाळीसची ओळ वाचा. ही माझी आई आहे. आत झोपलाय तो भाऊ. आज त्याचा हात गार लागला तर अलार्म बंद करू नका. आधी त्याचा हात का गार पडला ते शोधा. मी इथून हलणार नाहीये."

तिने विचारलं, आत जाऊन भेटता का? तू नाही म्हणालास.

दोन तासांनी माझा आकडा उतरला, उदय. सहासष्टवरून चोपन्नवर. रक्तदाब चांगला, बोटाचा आकडा अठ्ठ्याण्णव. आधीसारखं असतं तर जितेंद्रने वहीत लिहिलं असतं आणि पुढे गेला असता. अबोलीने सर्जनना हात थांबवायला लावले. माझा हात धरून बघितला. रक्त, सलाईन, औषध, काय काय दिलं. सर्जन चिडले म्हणे, "सब नॉर्मल तो है!" ती म्हणाली, "नहीं है, सर." पंचवीस मिनिटांनी आकडा वर आला, मगच तिने त्यांना पुढे जाऊ दिलं. आमच्या पोरीला मराठी धड येत नाही, पण हे बोलायला येतं.

मी तिला विचारलं, थांबली नसतीस तर? ती म्हणाली, "नाही सांगता येत, काका." तेच उत्तर. ते मी आता जन्मभर घेऊन बसणार आहे, दोन्ही बाजूंनी. तिच्या अभ्यासातून मी बाद झालो. एका पेशंटचे आकडे वाया गेले म्हणून तिला वर जाब द्यावा लागला. तिने दिला.

तू साडेसहा तास उभा होतास, जितेंद्र सांगत होता. त्याने स्टूल आणून दिलं तर त्यावर पिशवी ठेवलीस आणि स्वतः उभाच. मला वॉर्डात आणलं तेव्हाही तू आत आला नाहीस. रोज सकाळी नर्सच्या टेबलाशी येऊन विचारायचास, पेशाब कितना हुआ, क्रिएटिनिन कितना आया, आणि धर्मशाळेत परत. मला काचेतून तुझी पाठ दिसायची. केस पांढरे झालेत रे तुझे. कुणी सांगितलं नव्हतं मला. मी हाक मारणार होतो, पण पोटातून आवाज निघत नव्हता, आणि निघाला असता तरी मारली असती का, ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी किडनीचा रिपोर्ट आला. एक पॉइंट एक. नर्स म्हणाली, तू तो कागद हातात घेऊन खूप वेळ वाचलास, इतका वेळ की तिला वाटलं तुला समजला नाही. ती समजावायला गेली, "भैया, नॉर्मल है, किडनी ठीक है." तर तू तिथेच भिंतीशी बसलास आणि मोठ्याने रडलास. सगळ्या वॉर्डाने ऐकलं. मीही ऐकलं. तुझा आवाज आहे हे मला लगेच कळलं. आईच्या वेळी तू रडला नव्हतास. तेव्हा आपण भांडत होतो.

त्याच दुपारी तू गेलास. माझ्याशी एक शब्द न बोलता. मला राग आला, खरंच आला. एवढ्या लांब आलास, चार पावलं आत नाही आलास! मग कळलं की तू माझ्यावरचा राग सोडून आला नव्हतास, तो घेऊनच आला होतास, आणि तरी आला होतास. तो सोड असं मी म्हणणार नाही. तुझा आहे तो, आणि कारणही आहे.

भूल उतरताना मी नाव घेतलं. कुणाचं ते जितेंद्र सांगत नाही, नुसता हसतो. तू दारातच होतास, तूही ऐकलं असशील.

पहिली तपासणी २४ फेब्रुवारीला आहे, मंगळवारी, सकाळी दहा वाजता. पहिला मजला, डावीकडची तिसरी खोली. सही लागत नाही. सोबत कुणी लागत नाही. रिक्षाने मला एकट्याने जाता येतं.

तरी ये.

दादा